उतार असलेल्या फरशीवर ओट्याखालची कपाटे समपातळीत कशी बसवावीत?

प्रश्न (ठाणे)

आमच्या जुन्या सदनिकेतील कडप्प्याचा ओटा काढून टाकला असून, त्या जागी काटकोनात वळणारा ग्रॅनाइटचा ओटा आणि त्याखाली प्लायवूडची कपाटे करावयाची आहेत. एका भिंतीलगत नऊ फूट आणि दुसऱ्या भिंतीलगत सहा फूट जागा आहे. कपाटांचे भाग सुताराकडून कापून, कडांना पट्टी लावून घेतले आहेत. जुळणी आणि बसवणी मात्र मी व माझा भाऊ घरीच करणार आहोत. अडचण अशी की, फरशीला जुन्या मोरीच्या दिशेने उतार आहे आणि नऊ फुटांत तो सुमारे २२ मि.मी. भरतो. शिवाय लांब भिंतीला मध्यभागी थोडे पोट आले आहे. सुरुवात कोठून करावी आणि भिंत सरळ नसताना कपाटांची रांग सरळ कशी ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (पुणे, फर्निचरचे काम करतो)

सर्वप्रथम फरशीची सर्वांत उंच जागा शोधावी, कारण कपाटाचे पाय फिरवून वाढवता येतात, पण ठरावीक मर्यादेखाली आखूड करता येत नाहीत. सखल टोकाकडून काम सुरू केले, तर उंच टोकाशी पोहोचल्यावर शेवटचे कपाट रेषेत बसतच नाही. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन्ही भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारा आणि तिच्यापासून खाली फरशीपर्यंतचे अंतर दर फुटावर मोजा. जेथे ते सर्वांत कमी भरेल, ती उंच जागा. तेथून १०० मि.मी. पाय आणि ७२० मि.मी. खोके धरून ८२० मि.मी.वर दुसरी रेघ मारा. सर्व कपाटांचा माथा या रेघेलाच लागला पाहिजे. २० मि.मी. ग्रॅनाइट धरून ओटा ८४० मि.मी., म्हणजे साधारण ३३ इंच होतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती उंच असेल तर हा निर्णय आताच घ्यावा. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला म्हणजे कणीक मळताना खांदे उचलावे लागत नाहीत.

बसवणी नेहमी कोपऱ्यातून करावी. कोपऱ्यात दोन्ही बाजूंना दोन-अडीच इंचांची उभी पट्टी ठेवा, अन्यथा एका बाजूचा ड्रॉवर दुसऱ्या बाजूच्या दाराच्या हँडलवर अडकेल. भिंतीच्या पोटाबाबत सांगायचे तर, रांग भिंतीला धरून नव्हे, तर पुढच्या बाजूने ताणलेल्या दोरीला धरून लावावी. जेथे पोट सर्वांत पुढे आले आहे तेथे कपाट भिंतीला टेकेल आणि इतरत्र मागे फट राहील. त्या फटीत प्लायच्या पाचरी बसवून मगच स्क्रू आवळावा, नाहीतर स्क्रू खोके मागे ओढतो, काटकोन बिघडतो आणि ड्रॉवर घासू लागतात. प्रत्येक खोक्याचे दोन्ही कर्ण मोजून ते समान असल्याची खात्री करावी. शेजारची दोन खोकी पुढची कड बोटाला जाणवणार नाही इतकी जुळवून, क्लॅम्प लावून जोडावीत. १८ मि.मी. प्लायच्या दोन्ही बाजू मिळून ३६ मि.मी. जाडी होते, म्हणून स्क्रू ३० मि.मी.चा घ्या, तो बिजागरीच्या पत्र्याजवळ मारला की दिसत नाही.

प्रतिसाद २ (रत्नागिरी)

वरील सूचना योग्य आहेत. सिंकच्या कपाटाविषयी मात्र माझे मत अधिक कडक आहे. आमच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने सिंकखालचे प्लायवूड कोरडे होतच नाही. तेथे आयएस ७१० प्रतीचेच, म्हणजे पाण्यात टिकणारे मरीन प्लाय वापरावे आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या उघड्या कडांना रंग किंवा सिलिकॉन लावून त्या बंद कराव्यात, कारण पाणी पृष्ठभागातून नव्हे तर कडेतून शिरते. माझ्या मते तर सिंकखाली खोके करूच नये. दोन उभे कडप्पे ठेवून समोर फक्त दारे लावावीत. खालची स्कर्टिंग (पाय झाकणारी पट्टी) खिळ्यांनी न ठोकता पायांच्या क्लिपांवर बसवावी, म्हणजे गळती किंवा वाळवीचा संशय आल्यास ती हाताने ओढून काढता येते. गॅस सिलिंडर कपाटात ठेवणार असाल, तर दाराला तळाशी जाळी अवश्य हवी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सिंकसाठी कडप्प्याचा पर्याय घरी सर्वांना पटला. दोन शंका उरतात: भिंत विटांची आहे की सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) हे कसे ओळखावे, आणि ग्रॅनाइटचे माप आताच दिले तर चालेल का?

प्रतिसाद १

कपाटामागे झाकल्या जाणाऱ्या जागी एक भोक पाडून पाहा. गिलाव्यानंतर लाल भुकटी आली तर वीट आहे. करडी-पांढरी, हलकी भुकटी येऊन ड्रिल सहज आत गेले तर सिपोरेक्स, आणि त्यासाठी वेगळे, लांब प्लग मिळतात. प्लग गिलाव्यात नव्हे, त्यामागच्या भिंतीत रुतला पाहिजे. ग्रॅनाइटचे माप मात्र आता देऊ नका. २० मि.मी. जाडीचा दगड चौरस फुटाला सुमारे पाच किलो भरतो, तो एकदा वर चढला की खालचे काही हलवता येत नाही. कपाटे पक्की झाल्यावर, पोटामुळे मागे राहिलेली फट धरून, दगडवाल्याला प्रत्यक्ष जागेवरच माप घ्यायला लावा.