फॅमिली ग्रुपवर रोज चाळीस मेसेज, पण कामाचं कुणालाच कळत नाही

माजघर
चौदा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप. साताऱ्यात आजी-आजोबा, पुण्यात दोन घरं, एक घर न्यू जर्सीत. निम्मे मेसेज म्हणजे सुप्रभातची फुलं. आजोबांच्या गोळ्या संपत आल्याचा मेसेज त्यात वाहून जातो. 'निळी टिक आली नाही' यावरून रुसवे होतात ते वेगळेच. आजी वाचतात, पण टाइप करत नाहीत. घडी कशी बसवावी? 'फोन करत जा' एवढंच सांगू नका, ते कळतं.

टिकटिक
ग्रुपमध्ये टिका निळ्या होतात त्या सगळ्यांनी वाचल्यावर. एखाद्या भाच्याचा जुना फोन कपाटात बंद पडला असेल तर त्या करड्याच राहणार. त्यावरून रुसण्यात अर्थ नाही. स्वतःचा मेसेज दाबून धरा आणि 'इन्फो'मध्ये बघा. कुणी वाचला, कुणाकडे नुसता पोचला, ते नावानिशी दिसतं. अर्थात 'वाचला' म्हणजे ग्रुप उघडला, इतकंच. मधले पस्तीस मेसेज बोटाने सरकवून दिले असतील तरी ते वाचलेलेच धरले जातात. म्हणून औषधाच्या मेसेजला टिक नको, उत्तर मागा. कुणी रीड रिसीट, म्हणजे वाचल्याची खूण, बंद केली असेल तर एकट्याच्या चॅटमध्ये निळं दिसत नाही, ग्रुपमध्ये मात्र दिसतंच.

गप्पांचा ग्रुप आहे तसा राहू द्या. कामाचा वेगळा करा, त्यात प्रत्यक्ष धावपळ करणारे चार-पाच जणच. मेसेजमध्ये आधी कुणी करायचं ते, मग काम, मग तारीख: 'पुण्याचा दादा: आजोबांच्या बीपीच्या गोळ्या शुक्रवारी संपतात, गुरुवारपर्यंत आण.' 'कुणीतरी आणा रे' म्हटलं की कुणीच आणत नाही. गोळ्यांची यादी पिन करा, पण पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते. कायमची यादी ग्रुपच्या वर्णनात लिहा.

वेलांटी
आणि मराठी देवनागरीतच लिहा. रोमनमध्ये 'बरा' आणि 'बारा' दोन्ही बी-ए-आर-ए. 'काल' आणि 'कळ' दोन्ही के-ए-एल. आता 'के-ए-एल येऊन गेली' हे वाचून सांगा, आत्या काल येऊन गेली की छातीत कळ येऊन गेली?

(ही सवय बरीचशी एसएमएसच्या काळातली. रोमन एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसायची, देवनागरीत ७०च, शिवाय काना-वेलांटीही वेगळी मोजली जायची.)

दुसरी अडचण सुराची. समोरासमोर लांबवलेलं 'बरंऽऽ' म्हणजे होकार, तुटक 'बरं' म्हणजे नाराजी. पडद्यावर दोन्ही सारखीच. घरच्यांना लिहिताना 'गं', 'ना', 'हं' गाळू नका. 'ये' हा हुकूम वाटतो, 'ये हं' वाटत नाही. वादाचा विषय असेल तर टाइप करूच नका.

खलबत्ता
आजींसाठी व्हॉइस मेसेज. गोंधळ होतो तो दोन माइकमुळे. कीबोर्डवरचा माइक बोललेलं अक्षरांत उतरवतो, मेसेजच्या चौकटीशेजारचा आवाज जसाच्या तसा पाठवतो. चौकटीत चुकून एखादं अक्षर पडलं की हा दुसरा माइक जाऊन तिथे पाठवायचा बाण येतो, आणि आजी म्हणतात 'माइक हरवला'. ते अक्षर पुसलं की परत येतो.

शिकवताना एवढंच: माइक दाबून धरायचा आणि तसंच बोट वर सरकवायचं. कुलूप लागतं, मग बोट सोडून निवांत बोलता येतं. नुसतं टिचकी मारून सोडलं तर काहीच रेकॉर्ड होत नाही. बहुतेक ज्येष्ठ तिथेच कंटाळतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्सखाली फॉन्ट मोठा करून द्या.

तुमचे मेसेज मात्र मिनिटभरात आटपा, आणि गोळीचं नाव, तारीख, रक्कम आवाजाबरोबर लिहूनही पाठवा. चार मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये तारीख शोधत कुणी बसत नाही.

माजघर
छान, यातलं बरंच आजच करता येईल. सुप्रभातची फुलं बंद करायला सांगावं का?

टिकटिक
अजिबात नको! ती हजेरी आहे: 'उठले, बरी आहे.' गप्पांचा ग्रुप कायमचा म्यूट करा, पण साताऱ्याहून रोज सातला येणारं फूल आठपर्यंत आलं नाही तर फोन लावा. फोटोवर 'फॉरवर्डेड' असं नसेल तर तो आजींनी स्वतः काढलेलाही असू शकतो. त्याला नुसता अंगठा दाखवून सोडू नका, 'ही जास्वंद परसातली का?' असं विचारा.

खलबत्ता
न्यू जर्सीकरांनी रविवारच्या कॉलची वेळ भारताच्या घड्याळावर ठरवावी. त्यांच्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेदहा म्हणजे साताऱ्यात रात्रीचे आठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे जातं, मग तेच साडेदहा इकडे नऊ होतात आणि आजोबा गोळी घेऊन आडवे झालेले असतात. तेव्हापासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिकडून साडेनऊला लावायचा.