ब्लास्ट म्हणतो बीटा-ग्लुकोसिडेज, पण रंग काही येत नाही

प्रोटीनवेडा:
एका लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूमधलं ४७८ अमिनो आम्लांचं प्रोटीन क्लोन केलं. ब्लास्टमध्ये (डेटाबेसमधले मिळतेजुळते सिक्वेन्स शोधणारं साधन) पहिल्या पन्नास हिट्सची, म्हणजे जुळलेल्या नोंदींची, ई-व्हॅल्यू थेट ०.०. त्यातल्या निम्म्यांवर ‘बीटा-ग्लुकोसिडेज’ (ग्लुकोजचा बंध तोडणारं एन्झाइम) लिहिलंय, निम्म्यांवर ‘६-फॉस्फो-बीटा-ग्लुकोसिडेज’ (तेच काम, पण फॉस्फेट चढलेल्या शर्करेवर). शर्करेचे बंध तोडणाऱ्या एन्झाइमांच्या वर्गीकरणातलं कुटुंब जीएच१, याबद्दल वाद नाही. निकेल कॉलममधून शुद्ध केलं, जेलवर ५५ किलोडाल्टनच्या आसपास एकच स्वच्छ पट्टा आला. पण पीएनपी-ग्लुकोसाइड (तुटलं की पिवळं नायट्रोफिनॉल सोडणारं) घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं तरी पिवळेपणाचा मागमूस नाही. शेजारच्या नळीत बदामाचं विकतचं एन्झाइम होतं, ती काही मिनिटांत पिवळीजर्द. माझं प्रोटीन मेलंय की मी नाव चुकीचं वाचतोय?

अर्धविराम:
ई-व्हॅल्यू शून्य असताना शंका कसली? जो हिट सगळ्यात वर आहे त्याचं नाव लिहून मोकळे व्हा. प्रोटीनची घडी चुकली असेल. १६ अंशांवर एक्स्प्रेशन करून, म्हणजे थंडीत प्रोटीन बनवून घेऊन, बघा.

रानजाई:
अर्धविराम, नाही हो. ई-व्हॅल्यू फक्त एवढंच सांगते की ही जुळणी योगायोगाने झालेली नाही. म्हणजे दोघे एका घराण्यातले. घराण्यातला कोण काय खातो हे तिला ठाऊक नसतं. त्यातून हिट्सवरची बहुतेक नावं प्रयोगातून आलेलीच नसतात, एका नोंदीवरून दुसरीवर यंत्राने उतरवलेली असतात. निम्मे-निम्मे दिसले म्हणून मतदान घेऊ नका. स्विस-प्रॉटमध्ये (माणसांनी तपासलेल्या प्रोटीन-नोंदींचा डेटाबेस) जा आणि ज्या नोंदींमागे खरोखर प्रयोग झालाय तेवढ्याच घेऊन अलाइनमेंट करा, म्हणजे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून ठेवा.

आता अलाइनमेंटमध्ये काय बघायचं ते. जीएच१ मध्ये दोन ग्लुटामेट काम करतात. एक ‘एन-ई-पी’मधला (एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल, ‘ई’ म्हणजे ग्लुटामेट), तो आम्ल-आम्लारीचं काम करतो. दुसरा ‘टी-ई-एन-जी’मधला, तो शर्करेवर थेट हल्ला करतो. हे दोन्ही जागेवर असतील तर कात्री धड आहे. पण साध्या आणि फॉस्फो, दोन्ही प्रकारांत ते असतातच, त्यामुळे इथे निकाल लागत नाही.

निकाल लागतो त्याच्याही पुढे. टी-ई-एन-जीपासून साधारण ५० अमिनो आम्लं पुढे जा. साध्या ग्लुकोसिडेजमध्ये तिथे बहुधा ‘एन-एफ-ई-डब्ल्यू’ असा तुकडा सापडतो, आणि त्यातला ग्लुटामेट शर्करेचे चौथा आणि सहावा हे हायड्रॉक्सिल धरून ठेवतो. फॉस्फो प्रकारात नेमक्या त्या जागी सेरिन येतं, आणि थोडं पुढे ‘के-आर-वाय’ दिसतं. ते सेरिन, लायसिन आणि टायरोसिन मिळून सहाव्या कार्बनवरचा फॉस्फेट पकडतात. विचार केला तर सरळ आहे: फॉस्फेटवर ऋण भार, त्याच्यासमोर ग्लुटामेटचा आणखी एक ऋण भार कोण ठेवील?

तुमच्या नळीत रंग का नाही, त्याचं उत्तरही बहुतेक इथेच आहे. असे जिवाणू सेलोबायोज किंवा सॅलिसिनसारखी शर्करा पीटीएसमधून (पेशीच्या आवरणातली, शर्करेवर फॉस्फेट चढवत तिला आत आणणारी यंत्रणा) आत घेतात. आत येता येताच पीईपी या पेशीतल्या रेणूचा फॉस्फेट तिच्यावर चढतो. तुमच्या एन्झाइमने आयुष्यात बिनफॉस्फेटची शर्करा पाहिलेलीच नसेल. मी स्वतः अशाच एका एन्झाइमवर सात आठवडे बफर बदलत बसले होते. पीएच ५ ते ८, मीठ कमी, मीठ जास्त, शेवटी शुद्धीकरणासाठी जोडलेला टॅगसुद्धा कापून टाकला. एन्झाइम ठणठणीत होतं, मीच त्याला चुकीचं ताट वाढत होते.

जनुकाच्या शेजारीही डोकावा. ई. कोलायमध्ये बीजीएल-जी, बीजीएल-एफ आणि बीजीएल-बी असा ओपेरॉन (एकत्र चालणाऱ्या जनुकांचा गट) आहे: नियंत्रक, पीटीएसचा वाहक आणि मग फॉस्फो-ग्लुकोसिडेज. तुमच्याकडे वाहक शेजारी असेल तर पुरावा भक्कम होतो. तरी शर्करेचं नाव मात्र सावकाश ठेवा. ई. कोलायमधल्या एका ओपेरॉनला सेलोबायोजवरून ‘सेल’ म्हणत होते. १९९७ मध्ये कळलं की त्याचं खरं खाद्य डायॲसिटिलकायटोबायोज (कायटिनमधली जोडशर्करा) आहे, आणि नाव ‘सीएचबी’ झालं.

तळटीप:
रानजाईताईंशी सहमत. एक भर घालतो: ‘फॉस्फो’ हा शब्द वाचून सगळे एकाच घरात ढकलू नका. जीएच४ मध्येही ६-फॉस्फो-ग्लुकोसिडेज आहेत, पण त्यांना एनएडी हा मदतनीस रेणू आणि मँगनीजसारखा धातू लागतो, आणि त्यांचा सिक्वेन्स जीएच१ शी जुळतच नाही. शिवाय ६-फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसिडेजही जीएच१ मध्येच येतं. लॅक्टोकॉकसच्या एन्झाइममध्ये त्या सेरिनला लागूनच ट्रिप्टोफॅन आहे. तुमच्याकडे तिथे काय आहे ते बघा.

प्रोटीनवेडा:
बघितलं. एन-ई-पी आहे, टी-ई-एन-जी आहे, आणि पुढे ‘डी-एल-व्ही-एस-ए’! म्हणजे सेरिन, आणि त्याला लागून ॲलनिन. के-आर-वायसुद्धा सापडलं. जनुकाच्या लगेच आधी पीटीएसचा वाहक बसलाय, इतके दिवस मी ती फाइल उघडलीच नव्हती. पण फॉस्फेटवालं पीएनपी-ग्लुकोसाइड आमच्याकडे नाही. आता काय करू?

रानजाई:
मूळ जिवाणू सेलोबायोजवर वाढवा, ई. कोलाय नको. पेशी धुवा, थोडं टोल्यूइन घालून आवरण सच्छिद्र करा आणि दोन नळ्या लावा: एकीत पीएनपी-ग्लुकोसाइड एकटं, दुसरीत त्याच्यासोबत पीईपी आणि मॅग्नेशियम. पेशीच तुमच्यासाठी फॉस्फेट चढवतील. दुसरीतच रंग आला तर समजा पीटीएसची वाट चालू आहे. मग तुमचं जनुक बाद करून तोच प्रयोग पुन्हा करा, कारण पेशीत असं दुसरं एन्झाइमही असू शकतं. आणि पीईपीच्या द्रावणाचा पीएच मोजूनच घाला. नायट्रोफिनॉल आम्लात रंगहीन राहतं. शेवटी सोडियम कार्बोनेट टाकायला विसरलात तर पुन्हा इथे ‘एन्झाइम मेलं’ म्हणून याल.