दहाच्या पुडीचा भाव का उतरला नाही

अशी तक्रार ऐकू येते की नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला तरी इंदूरच्या उत्पादकांनी फायदा गिळला. गिळणारे असतीलच. पण भाव पाहून ते ठरत नाही, वजन पाहा. दहाच्या पुडीचा नवा भाव ९ रुपये ३८ पैसे निघतो. ती चिल्लर देणार कोण? म्हणून भाव तोच ठेवून माल वाढवायचा: ३० ग्रॅमचे ३२ ग्रॅम. जुनी-नवी पुडी शेजारी ठेवा, लगेच कळेल. इंदूरच्या सराफा बाजारात सुटी तोलून मिळणारी लौंग सेव (लवंगेच्या चवीची शेव) मात्र आधीपासूनच ५ टक्क्यांत होती, तिथे कपातीचा प्रश्नच नाही.

आता उत्पादकाची बाजू, जी अशा तक्रारीत कुणी मांडत नाही. समजा विक्री १०० रुपयांची, त्यावर कर ५. बेसन-तेल ६० रुपयांचं ५ टक्क्यांनी, म्हणजे ३ रुपये. पाउच १० रुपयांचे १८ टक्क्यांनी, १.८०, जागेचं भाडं-जाहिरात अशा सेवा ८ रुपयांच्या, त्याही १८ टक्क्यांनी, १.४४. खरेदीवर भरलेला कर ६.२४. तो विक्रीवरच्या करातून वजा होतो (यालाच क्रेडिट म्हणतात), पण तिथे कर फक्त ५. म्हणजे १.२४ क्रेडिट दर शंभराला अडकतं. आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज भरून ते मागता येतं, पण परताव्यासाठी फक्त मालावरचा कर (बेसन-तेल ३ + पाउच १.८० = ४.८०) धरतात, सेवांवरचा नाही:

४.८० − (५ × ४.८० ÷ ६.२४) = ०.९५

उरलेले २९ पैसे पडूनच. मशिनरीवरचा करही या परताव्यात येत नाही. छोट्या पुड्यांत पाउचचा वाटा जास्त, त्यामुळे कळ तिथेच जास्त लागते. अर्ज दोन वर्षांत केला नाही तर तो परतावाही गेला.