मुलांना शेजारी बसून शिकवू नका, त्यांचं डोकं बंद पडतं. पटतंय का?

सोनचाफा
लेक दुसरीत आहे. काल 42 वजा 17 करत बसली होती आणि उत्तर लिहिलं 35. म्हणजे बाईसाहेबांनी 7 मधून 2 घालवले, 4 मधून 1, मोकळ्या. मी काही बोलायच्या आत नवरा, "अगं हातचा घे ना!" तिने खोडून 25 केलं, आणि पुढच्याच गणितात पुन्हा तेच. माझं स्पष्ट मत झालंय की आपण मधेमधे करतो म्हणून पोरं शिकत नाहीत. सोडून द्या एकटं, चुकतील, पडतील, शिकतील. दिल्लीत 1999 मध्ये कालकाजीच्या वस्तीत सुगता मित्रा नावाच्या शिक्षणसंशोधकांनी भिंतीत कंप्युटर बसवला होता, पोरं कोणी न शिकवता शिकलीच की. बोला.

गावठी मास्तर
ताई, राग मानू नका, पण तुमच्या मिस्टरांनी केली ती मदत नव्हे, ती कॉपी पुरवणं झालं. मी झेडपीच्या शाळेत आहे, एका खोलीत दोन वर्ग. हेच गणित आमच्याकडं काड्यांवर चालतं. परवा एक पोरगा 42 चे चार गठ्ठे आणि दोन सुट्या मांडून बसला. 17 काढ म्हटलं. एक गठ्ठा बाजूला सारला, मग सात पाहिजेत आणि सुट्या दोनच. माझ्याकडं बघत राहिला, मी पण त्याच्याकडं बघत राहिलो. लई वेळानं एवढंच विचारलं, "गठ्ठ्यात काय असतं रे?" त्यानं रबर ओढून काढलं, काड्या सगळ्या फरशीवर, आणि शेजारची पोरगी ओरडली, "आता दे की सात!" झालं की काम. ह्यात तो एकटा पण नव्हता आणि मी पण काही सांगितलं नाही.

जुनं ते सोनं
ज्ञानरचनावाद आला वाटतं, पोरं म्हणे स्वतःच ज्ञान घडवतात 😀 आमच्या गुरुजींनी पाढे घोकून घेतले, पावकी निमकी सकट, आजही दुकानात कॅल्क्युलेटर काढत नाही मी. ही सगळी परदेशी फॅडं आहेत. आणि ते ग्रुपमध्ये शिकणं तर सांगूच नका, नातवाच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक पोरगी रात्री 11 पर्यंत थर्माकोल कापत बसते आणि बाकीचे चौघं खाली नावं लिहितात.

बोरिवली फास्ट
@सोनचाफा, कालकाजीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच सुगता मित्रा यांनी पुढे पोरांच्या मागे एक मोठं माणूस उभं करून बघितलं, विषय अजिबात न येणारं, फक्त आजीसारखं "अगंबाई, हे कसं केलंस, मला दाखव ना" म्हणणारं. मग ब्रिटनमधून स्काइपवर असे आजीआजोबा जोडून दिले. गरज नव्हती तर आज्या आणल्या कशाला? आणि भिंतीपाशी तरी पोरगं एकटं कुठे होतं, आजूबाजूला दहा जणांची गर्दी, एक माऊस धरणार आणि बाकीचे ओरडणार. तो सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की हेच सांगून गेला, पोरं दुसऱ्यांच्या सोबतीने शिकतात. बिचारा 1934 मध्ये 37 व्या वर्षी टीबीने गेला आणि सोव्हिएत सरकारने पुढे वीसेक वर्षं त्याचं लिखाण दाबून ठेवलं. त्याचं उदाहरण मस्त आहे, दोन पोरं, दोघांनाही एकट्याने आठ वर्षांच्या मुलाची गणितं येतात, थोडी मदत दिली की एक नऊपर्यंत पोचतो आणि दुसरा बारापर्यंत. तर ही दोघं सारखी कशी?

@जुनं ते सोनं, काका, परदेशी कसलं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 ला बोर्डीत गेल्या, नंतर कोसबाडला, पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. बाकी थर्माकोलचं पटलं, ते ग्रुपमध्ये शिकणं नाहीच, ती एकीवर लादलेली हमाली आहे.

सिमेंट वाळू खडी
मी बांधकामातला, शिक्षणातलं कळत नाही. पण बायको डीएड, तिच्या पुस्तकात ह्या मदतीला स्कॅफोल्डिंग म्हणजे परांची म्हटलंय, 1976 पासून म्हणे, ब्रूनर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी काढलेला शब्द. चुकीचा शब्द आहे राव. परांचीवर गवंडी उभा राहतो, भिंतीचं वजन ती घेत नाही. तुम्ही जे म्हणताय ते सेंटरिंग. ओल्या स्लॅबचं वजन टेकू घेतात, काँक्रीटमध्ये जीव आला की काढायचे. लवकर काढले तर स्लॅब खाली येतो. स्पॅन 4.5 मीटरपर्यंत असेल तर 7 दिवस, त्याच्यावर 14. सगळ्यांना एकच तारीख लावली की वाट लागते. आणि काढायचेच असतात हो, ठेवून दिले तर खाली राहणार कोण.

सोनचाफा
सेंटरिंग आवडलं, पण आईबापांना कळणार कसं जीव आला की नाही ते? मास्तरांना सवय आहे, आम्ही ऑफिसातून येऊन कुकर लावताना गणित बघतो, तेवढा दम नसतो. "हातचा घे" म्हणून मोकळं व्हावंसं वाटतंच.

गावठी मास्तर
खरंय ताई. आणि वर्गात 50 पोरं असली तर माझाही दम संपतो, उगं मोठेपणा सांगत नाही. काड्या नसल्या तर पैशावर करून बघा.

सोनचाफा
अपडेट. दहाच्या चार नोटा आणि दोन रुपये दिले, मी भाजीवाली झाले, म्हटलं 17 रुपये द्या. लगेच म्हणाली, "सुट्टे नाहीत!" आणि स्वतःच पळत जाऊन बाबाकडून एका नोटेचे दहा रुपये सुट्टे करून आणले. नवरा काहीतरी बोलणार होता, डोळे वटारले. 61 वजा 28 पण पैशात बरोब्बर, 33. मग वही दिली तर परत 47. मी तोंड दाबून बसले. बराच वेळ नोटांकडे बघत होती, मग विचारते, "आई, वहीत सुट्टे कुठे करायचे?"

गावठी मास्तर
आत्ता सांगा हातचा.

जुनं ते सोनं
म्हणजे शेवटी सांगावंच लागलं ना 😀