मदत हवी आहे: ॲपवरचं कर्ज फेडलं, तरी सिबिलमध्ये थकबाकी

माझी जाऊ भांडुपला पोळी-भाजीचे डबे देते. दिवाळीत तिने ॲपवरून ८,००० रुपये कर्ज घेतलं; फी कापून हातात ६,९०० आले. शेवटचा हप्ता लांबला, तेव्हा वसुलीवाल्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला. तिने लगेच ३,१५० भरले. पावतीवर नाव मात्र कंपनीचं नाही, कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं. हप्ता थेट कर्ज देणाऱ्या कंपनीच्याच खात्यात जायला हवा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आम्हाला नंतर कळला, म्हणजे वरातीमागून घोडं.

आता सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) तो हप्ता थकीत दिसतोय, त्यामुळे बँकेने शिलाई मशीनचं कर्ज अडवलंय. करारावरची एनबीएफसी (कर्ज देणारी बिगर-बँक वित्त कंपनी) नोंदणीकृत आहे, तपासलं. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करून ४१ दिवस झाले, उत्तर नाही. सिबिलकडेही दुरुस्ती मागितली. "कर्जदात्याने नोंद कायम ठेवली" एवढंच आलं. यूपीआय पावती आणि चॅट जपून ठेवलंय, कॉल रेकॉर्ड नाहीत. पुन्हा पैसे भरायचे नाहीत, आणि वकील परवडणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करणार आहोत. दुसऱ्याच्या नावावर गेलेली यूपीआय पावती आणि चॅट तिथे पुरावा म्हणून चालतं का? की आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, नोंद करावी? कुणी स्वतः केलंय का हे?