स्कूटरचा पाच वर्षांचा विमा संपतोय: पूर्ण घ्यावा की फक्त थर्ड पार्टी? वर्षाचा मेंटेनन्स किती धरावा?

मुग्धा_धायरी

नमस्कार मंडळी. माझी ॲक्टिव्हा ५जी आहे, २०१९ च्या डिसेंबरात घेतलेली, पुणे पासिंग. घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) आणि एक वर्षाचा ओडी (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) असा विमा होता. ओडी दरवर्षी शोरूममधूनच रिन्यू करत आले. एकदाही क्लेम घेतलेला नाही. आता थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही एकदमच संपताहेत, म्हणून शोरूमने नवा कोट पाठवलाय. जसाच्या तसा देते:

आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) २६,०००. ओडी ४६६, त्यात एनसीबी (क्लेम न घेतल्याचा बोनस) २० टक्के वजा ९३. झिरो डेप २६०. रोडसाइड असिस्टन्स १५०. थर्ड पार्टी ७१४. मालक-चालक अपघात विमा १५ लाखांचा, ३३०. वर १८ टक्के जीएसटी. एकूण २,१५६.

पाच वर्षांच्या स्कूटरला एवढं सगळं लागतं का? बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारा अपघात विमा माझा आहे, मग परत ३३० कशाला? धायरी ते डेक्कन रोजचं जाणं-येणं आहे, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते.

दुसरं, बाबांची स्प्लेंडर आहे, २०१३ ची. ते मिरजेजवळ गावी असतात, वय ६३. तिचा विमा दोन वर्षांपासून नाही. “शेतात आणि चौकापर्यंत तर जातो” म्हणतात. त्यांना कसं समजवावं?

आणि दोन्ही गाड्यांना देखभालीचा वर्षाचा खर्च किती धरायचा तेही सांगा. मागच्या सर्व्हिसिंगचं बिल २,३०० आलं आणि त्यातलं निम्मं मला कळलंच नाही.

वाटसरू४१२

फक्त थर्ड पार्टी घ्या आणि मोकळ्या व्हा. जुन्या गाडीला ओडी म्हणजे पैसे वाया. थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं, त्यामुळे सगळ्या कंपन्यांकडे सारखाच. कुठूनही घ्या.

दावाखिडकी

मुग्धाताई, मी बरीच वर्षं मोटार क्लेम्सच्या टेबलावर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाटसरूंचं दराबद्दलचं बरोबर आहे. जून २०२२ पासून ७५ ते १५० सीसीला ७१४ आणि १५० ते ३५० ला १,३६६ असा दर आहे. तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो ओडी आणि त्याला चिकटवलेल्या गोष्टींत.

आधी एनसीबी बघा. क्लेम न घेता रिन्यू करत गेलं की तो २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा चढतो. तुमचं हे पाचवं रिन्यूअल, म्हणजे ५० टक्के मिळायला हवेत. कोटमध्ये २० का? मागच्या वर्षीची पॉलिसी काढा, त्यावर एनसीबीची टक्केवारी छापलेली असते. ४५ असेल तर यंदा ५० हा तुमचा हक्क आहे. हा बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. उद्या स्कूटर विकून नवी घेतलीत तरी तो तुमच्याबरोबर येतो. फक्त पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू झालं नाही तर जातो.

झिरो डेपचं म्हणाल, तर नेहमीच्या पॉलिसीत सुटे भाग बदलले की कंपनी घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. झिरो डेपने ही कपात टळते. पण पाच वर्षांवरच्या गाडीला तो बऱ्याच कंपन्या देत नाहीत, आणि देतात त्यांच्या अटी असतात. तुमच्या २३३ रुपयांच्या ओडीवर २६० चा झिरो डेप मला पटत नाही. रोडसाइडही काढा. धायरी-डेक्कन रस्त्यावर पंक्चरवाला कुठेही सापडतो.

अपघात विम्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे. २० रुपयांची ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, तिचं कव्हर २ लाखांचं. मालक-चालकासाठी १५ लाखांचं सक्तीचं आहे, त्यामुळे ती योजना इथे चालत नाही. तुमच्या नावावर दुसरी गाडी असेल आणि तिच्यात हे कव्हर आधीच घेतलेलं असेल, किंवा १५ लाखांची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल, तर परत घ्यायची गरज नाही. नसेल तर हे ३३० आनंदाने भरा. स्कूटर घसरून आपल्यालाच काही झालं तर थर्ड पार्टीतून आपल्याला काहीच मिळत नाही.

आता बेरीज: ओडी २३३, थर्ड पार्टी ७१४, अपघात ३३०, वर जीएसटी. १,५०७ रुपये. ओडी अजिबात न घेता १,२३२. म्हणजे चोरी, आग, पूर आणि अपघाताच्या नुकसानीसाठी तुम्ही वर्षाला २७५ रुपये मोजताय, २६ हजारांच्या गाडीवर. मी तुमच्या जागी असते तर ओडी ठेवला असता.

एकतानगरीत_राहतो

वर वाया म्हटलंय म्हणून लिहितोच. सिंहगड रस्त्याला २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर आमच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. पार्किंगमधल्या दुचाक्या सीटपर्यंत पाण्यात होत्या. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी होता त्यांना एक रुपया मिळाला नाही, कारण थर्ड पार्टीत आपल्या गाडीचं नुकसान येतच नाही.

ज्यांचा ओडी होता त्यांच्यातही दोन तट पडले. पाणी ओसरल्यावर काहींनी घाईने बटण दाबलं, किक मारली. पाणी इंजिनात गेलेलं असताना चालू करायला गेलं की कनेक्टिंग रॉडपर्यंत सगळं जातं, आणि कंपनी म्हणते की हे पुराचं नुकसान नाही, तुम्ही चालू केल्यामुळे झालेलं आहे. इंजिनसाठी वेगळं विमा कव्हर घेतलेलं नसेल तर तो खर्च आपला.

आमच्या शेजारच्या काकांनी गाडी जागेवरून हलवली नाही. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढले, बॅटरीची वायर काढून ठेवली, कंपनीला कळवलं आणि टेम्पोत घालून वर्कशॉपला नेली. तिथे ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. ऑइल दोनदा बदललं, एअर फिल्टर नवा, बेल्टचं कव्हर उघडून आतला चिखल साफ केला. क्लेम पास झाला. त्यांच्या मुलाने त्या दिवशी त्यांना किक मारू दिली नाही, त्यावर सगळं तरलं.

मुग्धा_धायरी

दावाखिडकी, मागची पॉलिसी काढली. एनसीबी ४५ टक्केच आहे! शोरूमला विचारलं तर “सिस्टिममध्ये तसंच येतंय” एवढंच उत्तर. आता कंपनीच्या साइटवरून थेट करणार आहे.

एक शंका. लहानसहान नुकसानाला क्लेम घ्यावा का? सगळे म्हणतात एनसीबी जाईल म्हणून घेऊ नये.

दावाखिडकी

चारचाकीला ते खरं आहे, स्कूटरला हिशेब करून बघा. समजा २,४०० चं बिल झालं. त्यात प्लास्टिकचे भाग १,४०० आणि मजुरी १,०००. भागांचे निम्मे ७००, मजुरी पूर्ण, आणि दुचाकीला सक्तीची कपात १०० रुपयांची. तुम्हाला १,६०० मिळतील. आता एनसीबी शून्यावर आला आणि परत पायऱ्या चढत ५० ला पोचला, तर तोपर्यंत तुम्ही जास्तीचे भरणार जीएसटीसकट साधारण ६९० रुपये, तेही आयडीव्ही आहे तेवढीच राहिली असं धरून. म्हणजे क्लेम घेतला तरी फायदाच. हजार रुपयांच्या आतल्या बिलाला मात्र नुकसान तपासणारा सर्वेअर, वर्कशॉप आणि फेऱ्या यांत सुट्टी घालवू नका.

एक नक्की पाळा: गाडी खोलायच्या आधी कळवा. आधी दुरुस्ती, मग कळवणं, अशा फाइली माझ्या टेबलावर सर्वांत जास्त अडकायच्या. आणि चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, कंपनी दोन्ही मागते.

पाना_बारा_चौदा

ताई, आमचं सांगलीत गॅरेज आहे. तुमचं बिल मला बघायला आवडलं असतं. २,३०० मध्ये टेफ्लॉन कोटिंग, इंजिन क्लीनिंग, ऑइल ॲडिटिव्ह असलं काहीतरी असणार. ते सगळं पुढच्या वेळी काउंटरवरच नको म्हणून सांगा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या.

रोजचं धायरी-डेक्कन म्हणजे वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर होणार. वर्षातून दोन सर्व्हिसिंग पुरे. तुमच्या गाडीत ऑइल एक लिटरपेक्षा कमीच बसतं, ते साडेतीनशे-चारशेचं, मजुरी आमच्याकडे तीनशे, पुण्यात थोडी जास्त धरा. दोन वेळचे मिळून दीड ते दोन हजार. यात एक गोष्ट हमखास राहते, मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल. ते थोडंसंच लागतं, स्वस्त असतं, पण कोणी विचारत नाही म्हणून बदलत नाहीत. तुम्ही विचारा.

मोठा खर्च आता येणार आहे, त्याची तयारी ठेवा. गाडी तीस हजारांच्या आसपास असेल. बेल्ट अजून पहिलाच असेल तर तो चोवीस हजारांच्या पुढे बदलायचा असतो. बेल्ट तुटला की इंजिन चालू राहतं पण चाक फिरत नाही, आणि तुटतो तो भर रस्त्यात. पिकअपला गाडी थरथरते का, बघा. बेल्ट आणि रोलर एकदमच बदला, कव्हर एकदाच उघडतं. मजुरीसकट बाराशे ते पंधराशे. एअर फिल्टर तेलकट कागदाचा आहे, त्याला हवा मारून काही होत नाही. बदलायचाच. हवा मारायचे पैसे कोणी लावले तर देऊ नका.

टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ३८१९ असेल तर २०१९ च्या अडतिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी दिसत असली तरी पाच वर्षांत रबर कडक होतं आणि पावसात ब्रेक मारला की मागचं चाक सरकतं. मी एकवेळ बेल्टला महिनाभर थांबा म्हणेन, टायरला नाही म्हणणार.

म्हणजे साध्या वर्षी दोन हजार, आणि बेल्ट-टायर आले त्या वर्षी पाच-सहा हजार धरा.

बाबांच्या स्प्लेंडरला खर्च कमी आहे, लक्ष जास्त लागतं. शेतातल्या धुळीने चेन खाल्ली जाते. आठवड्याला चेन फडक्याने पुसून नव्वद नंबरचं ऑइल सोडायचं. बदलायची वेळ आली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकत्रच. नुसती चेन नवी टाकली तर जुने दाते तिला लवकर संपवतात. आणि स्कूटरचं उरलेलं ऑइल बाबांच्या गाडीत घालू नका. स्प्लेंडरचा क्लच ऑइलमध्येच फिरतो, डब्यावर एमए लिहिलेलं हवं. स्कूटरचं एमबी घातलं की क्लच सरकायला लागतो.

मुग्धा_धायरी

पाना दादा, खूप खूप आभार. आत्ता खाली जाऊन टायर बघून आले, ४११९ आहे. दोन्ही बदलते. बाबांच्या विम्याबद्दल कोणी सांगेल का?

दावाखिडकी

त्यांना दंडाची भीती घालून उपयोग होणार नाही. पहिल्या वेळी २,००० आणि नंतर ४,००० दंड आहे, पण गावात कोण पकडतंय असं ते म्हणतील. त्यांना हे सांगा: चौकात एखादं पोर आडवं आलं आणि त्याला लागलं, तर भरपाई न्यायाधिकरण ठरवतं. जखमी कमावता माणूस असेल तर त्याचं वय आणि कमाई बघून आकडा लाखांत जातो. विमा असेल तर जखमी किंवा मृत्यूसाठी ही रक्कम कंपनी देते आणि तिला मर्यादा नाही. विमा नसेल तर मालक देतो, आणि गावी मालक म्हणजे सातबारा. वर्षाला जीएसटीसकट ८४३ रुपयांत जमीन सुरक्षित राहते. अपघात कव्हर धरून १,२३२. ओडी घेऊ नका, अकरा वर्षांच्या गाडीला ती गरज नाही.

त्याबरोबर त्यांचं लायसन्स बघा. पंचावन्ननंतर ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. लायसन्स संपलेलं असेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन मग ते मालकाकडून वसूल करायला बघते. विमा खंडित असल्यामुळे नवी पॉलिसी काही वेळा पैसे भरल्यावर एक-दोन दिवसांनी सुरू होते. तारीख वाचा, आणि तोवर किल्ली आईकडे राहू द्या.

मुग्धा_धायरी

लायसन्स मार्चमध्येच संपलंय. शनिवारी गावी जातेय, दोन्ही कामं करूनच येते. माझी पॉलिसी झाली, ५० टक्के एनसीबी लागला, १,५०७ च आले.

दावाखिडकी

छान झालं. आता आरसी शेजारी ठेवून पॉलिसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर एकेक अक्षर जुळवून बघा, दोन्ही गाड्यांचे. चूक असेल तर आत्ता एका अर्जावर दुरुस्त होते. क्लेमच्या वेळी सापडली तर तिथेच फाइल थांबते.