व्हेप हातात आल्यावर सिगारेटचं काय झालं? (अनुभव लिहा)

पारिजात_ऐरोली
काल ऐरोली स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत पुढच्या मुलाजवळून पिकल्या आंब्याचा वास आला. भर पावसात आंबा कुठला? मग लक्षात आलं, आणि २०१९ आठवलं. ह्यांनी तेव्हा लंडनच्या मित्राकडून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, मागवलं होतं, सिगारेट सोडायची म्हणून. सप्टेंबरात सरकारने बंदी आणली, पण तोवर सवय मुरली होती. गॅलरीतली रात्रीची सिगारेट खरंच बंद झाली. पण धूर आत आला. टीव्हीसमोर, गाडीत, उशीशेजारी. आणि ऑफिसखालच्या टपरीवरची सिगारेट होती तिथेच राहिली. सासूबाईंनी तर सिगारेट सुटली म्हणून पेढे वाटले होते, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. तुमच्याकडे काय झालं? स्वतःचं, नवऱ्याचं, भावाचं, कुणाचंही लिहा.

रातपाळी
महापे, अकरावा मजला. सिगारेट ओढायची तर लिफ्ट, गेट, टपरी, परत लिफ्ट. तेवढा वेळ मिळाला नाही की राहून जायची. व्हेप आलं आणि तो अडसरच गेला. क्लायंटचा कॉल म्यूट करून जिन्यात दोन झुरके. खाली जाणं मात्र चालूच, कारण मित्र खालीच भेटतात. सिगारेटी कमी झाल्या, निकोटिन वाढलं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सकाळच्या चहाबरोबरच्या सिगारेटची जागा व्हेपला कधीच घेता आली नाही.

घोडबंदरची
बायकांचं वेगळं असतं हो. ठाण्यात टपरीवर उभं राहिलं की आईच्या भिशीतलं कुणीतरी दिसणारच. व्हेपला ना राख ना तो वास, म्हणून धरलं. सिगारेट आता फक्त ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर, शुक्रवारी. ऐकायला छान वाटतं ना? पण सिगारेट असती तर आईने केव्हाच पकडलं असतं, चार दिवस अबोला धरला असता. व्हेपचं घरात कुणालाच माहीत नाही, त्यामुळे सोड म्हणणारंही कुणी नाही. हे पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय.

पारिजात_ऐरोली
@घोडबंदरची, बरं केलंस लिहिलंस. कधीही व्यनि (खाजगी निरोप) कर गं.

तर्री
टपरीवरून आठवलं, आमच्या ग्रुपमध्ये मामलेदारची मिसळ झाल्यावर सगळे एकाच पाकिटातून ओढायचे. सुट्टी सिगारेट विकायला २०२० मध्ये राज्यात बंदी आली, तरी मिळायची थांबली नाही. ठाण्यात कुणी गेलंय का इतक्यात? मिसळ अजून तेवढीच झणझणीत आहे का?

वागळे२२
दादाचं सांगतो. त्याने सिगारेट पूर्ण सोडली होती, नुसतं व्हेप. खोकला गेला, येऊरला सकाळी चालायला लागला. पण सिगारेट संपते, विझवावी लागते. हे संपतच नाही, सारखं हातात. मग लॉकडाऊन लागला. व्हेपचे पॉड, म्हणजे द्रवाच्या कुप्या, मिळेनात, टपऱ्या बंद, त्यात घरून काम. कुठून तरी दुप्पट भावाने पाकीट मिळवलं आणि गाडी परत सिगारेटवर. आता दोन्ही चालतं. वहिनी बोलायची थांबलीय, त्याचीच जास्त काळजी वाटते.
@तर्री, मागच्या रविवारी गेलो होतो. आहे तशीच आहे, रांगही.

नवा_पाहुणा
वाशीत कुठे मिळेल चांगलं? सिगारेट कमी करायचीय.

रातपाळी
इथे दुकानं नको रे. २०१९ च्या कायद्यात विकणाऱ्याला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. खालचं वाच आधी, डॉक्टर आल्या.

श्वास_नेरूळ
छातीविकार बघते, म्हणून थोडं मोठं लिहिते. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडवायला व्हेप सुचवतात हे खरं आहे, पण अट अशी की सिगारेट पूर्ण बंद. शिवाय तिथे द्रवात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर निकोटिन चालत नाही. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालात काय आणि किती, ते कुणी तपासत नाही. दोन्ही ओढणारे मला सांगतात, "डॉक्टर, निम्म्यावर आणलीय." चांगलंच आहे, पण हृदयाचा हिशोब तसा चालत नाही. २०१८ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार रोज २० ऐवजी १ ओढली तरी हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्मा शिल्लक राहतो. म्हणून ती टपरीवरची एक, शुक्रवारची एक, तीच आधी तोडायची. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, लावा. @घोडबंदरची, तिथे घरच्यांना कळायचा प्रश्नच नाही.

घोडबंदरची
थँक्यू डॉक्टर. उद्या लंचमध्ये लावते.

पारिजात_ऐरोली
ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण नंबर फोनमध्ये घेतला. डॉक्टर, केमिस्टकडचा निकोटिनचा च्युइंगम आणला होता मागे, काही उपयोग होत नाही म्हणाले.

श्वास_नेरूळ
साध्या च्युइंगमसारखा चघळला असेल. हळू चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा. आणि चहा-कॉफी १५ मिनिटं आधीपासून नको, तोंडात गम असतानाही नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही.

रातपाळी
म्हणजे सकाळी आधी गम, मग चहा?

श्वास_नेरूळ
हो. गम संपवून चहा.